बिनमोटारीचा घाट

लढाईच्या वर्षांत पेट्रोल मिळेनासं झालं आणि आमच्या वऱ्हाडातले रस्ते मोकळे झाले. ज्यांच्या घरी मोटार होती त्यांनी ती विटांवर चढवून तिच्यावर ताडपत्री टाकली. अमरावती-परतवाडा सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायला लागली. तिच्या पाठीमागे एक भट्टी बसवलेली असे. सकाळी ड्रायव्हर तासभर पंखा फिरवी तेव्हा ती हले, आणि नाल्याचा चढ आला की उतारूंनी उतरून खांदा लावायचा. चिखलदऱ्याचा घाट काही तिला झेपत नव्हता. तिकडची फेरी बंदच पडली. त्या रस्त्यावर बैलगाड्या, गवळ्यांच्या म्हशी आणि पायी चालणारी माणसं तेवढी उरली.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. अमरावतीच्या एका मिडल स्कूलमध्ये मास्तर होतो, एका खोलीत एकटा राहत होतो, आणि माझ्याजवळ सायकल होती. रविवार आला की मी कुठेतरी निघून जाई. घाट मात्र अजून चढलो नव्हतो. नाताळच्या सुट्टीत चढायचा असं ठरवलं होतं, आणि ताईला तसं लिहिलंही होतं. तेवढ्यात भाऊजींचं कार्ड आलं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कार्डावर तीनच ओळी होत्या: ‘नाताळात येतो. सायकल घेऊन येतो. मलाही चिखलदरा पाहायचा आहे.’

कार्ड वाचून मी चरकलो. आमची बाग अमरावतीपासून चार मैलांवर, वलगावच्या रस्त्याला. संत्री, वांगी, कोबी, शेवंती. आम्ही दोनच भावंडं, ताई आणि मी. बाग मी सांभाळावी असं बाबांनी मी रांगत होतो तेव्हाच ठरवलं असणार. मी मात्र शिकलो आणि मास्तर झालो. त्या दिवसापासून दीड वर्ष बाबा माझ्याशी बोलले नव्हते. महिन्यातून दोनदा मी घरी जाई. आई जेवायला वाढी, आणि बाबा वाफ्यात पाठ करून बसत. आता त्यांनी जावयाला निरोप धाडला होता, आणि पोराला समजावून परत आणा असं सांगितलं होतं. ते मला आईकडून कळलं होतं. म्हणजे भाऊजी घाट पाहायला येत नव्हते, मला वळवायला येत होते.

ताईला अकोट-अकोला रस्त्यावरच्या एका गावात दिलेली. तिकडची जमीन काळीभोर, कापूस आणि तूर बघत राहावी अशी. पण तो सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी असं की त्यात डाळ शिजत नाही. पिण्याचं पाणी बैलगाडीवर दोन कोसांवरून यायचं. ताई लहानपणापासून बाबांच्या हाताखाली बागेत वाढलेली. रोप बघून ती सांगे, याला उद्या पाणी द्या, याला परवा. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिनं सासरच्या अंगणात मोगरा लावला, तो जळला. दुसऱ्या वर्षी पुन्हा लावला, तोही जळला. मग तिनं लावायचं सोडून दिलं.

भाऊजी अडतीस वर्षांचे, अंगानं आडवे, आवाजानं त्याहून मोठे. मोटारी बंद पडल्यावर त्यांनी सायकल घेतली आणि खळ्यात कडब्याच्या गंजीभोवती फिरत ती शिकले. अख्खं गाव बघायला जमे. गंजीत घुसले, बैलावर आदळले, पण पंधरा दिवसांत ते अकोल्याच्या बाजारी सायकलवर जायला लागले. शेत दोघा थोरल्या भावांच्या देखरेखीखाली होतं आणि वेचणीचा पहिला भर ओसरला होता, म्हणून त्यांना सवड मिळाली.

अकोल्याहून ते रेल्वेनं बडनेऱ्याला उतरले, गार्डाच्या डब्यातून सायकल काढली आणि संध्याकाळी माझ्या दारात घंटी वाजवत उभे राहिले. सायकल बघून मला हसू आलं. कॅरियरवर घोंगडी, तिच्यात शिदोरी आणि कोयता, हँडलला लोटा आणि सीटखाली विहिरीचा दोर गुंडाळलेला.

“दोर कशाला हो भाऊजी?”

“अबे मास्तर, विहीर भेटली अन् दोर नसला तं पानी काय जिभेनं काढू?”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. वलगावच्या रस्त्याला आमची बाग लागलीच. बाबा बाजाराच्या गाडीत कोबी भरत होते. भाऊजी उतरले, मीही उतरलो. बाबांनी जावयाच्या सायकलीचा टायर अंगठ्यानं दाबून पाहिला आणि म्हणाले, “सांभाळून जा जवाई. वरते थंडी लय असते.” माझ्याकडे बघितलंही नाही. पण गाडीतून एक फडकं काढून भाऊजींच्या कॅरियरवर बांधलं. त्यात संत्री होती.

“एवढी कोन खाईन?” भाऊजी म्हणाले.

“दोघाईपुरती हायेत,” बाबा म्हणाले, आणि पुन्हा कोबीकडे वळले.

पुढे परतवाड्यापर्यंत तीस-बत्तीस मैल सपाट रस्ता. दुतर्फा कापसाची शेतं, वेचणाऱ्या बायकांच्या रांगा, कडूलिंबाची सावली. मी पुढे सुटायचो, मैलाच्या दगडाशी थांबायचो, आणि भाऊजी मागून एकाच चालीनं यायचे. नांगराला जुंपलेला बैल चालतो तसे. मी वाट बघत होतो, आता विषय काढतील, मग काढतील. आसेगावला पूर्णेच्या पात्रात आम्ही शिदोरी सोडली. भाऊजींनी ओंजळीनं पाणी पिऊन पाहिलं, थांबले, पुन्हा प्यायले.

“हेच पानी आमच्या शिवाराजवळून जाते,” ते म्हणाले. “पन विहिरीले त्याचा काई उपेग नाई. खोदली का खारी. देवाची काय करनी हाय पाहा.”

मला वाटलं, आता पाण्यावरून बागेवर येतील. नाही आले. भाकरीवर ठेचा घेऊन ते खात बसले आणि पलीकडच्या काठावर एक धोबी कपडे आपटत होता त्याच्याकडे बघत राहिले.

परतवाड्याच्या धर्मशाळेत मुक्काम केला आणि सकाळी डोंगराकडे निघालो. धामणगाव गढी मागे पडली आणि घाट लागला. दोन वळणं झाली आणि खालच्या जगाचा आवाज तुटला. सागाची मोठी मोठी पानं वाळून रस्त्यावर पडलेली. चाकाखाली ती पापडासारखी मोडायची. मोटारी बंद झाल्यापासून रस्त्याच्या मधोमध गवत उगवलं होतं. दोन्ही बाजूंना बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, आणि त्या चाकोऱ्यांतून आम्ही दोघं. चेनचा आवाज आणि आमचे श्वास, बस. वाटेत कोणाला बाजू द्यायची नाही, कोणी मागून हॉर्न वाजवायचा नाही. रस्ता आमच्यासाठीच झाडून ठेवलाय असं वाटायचं.

पहिला मैल मी जोर लावून चढलो. दुसऱ्या मैलात पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. तिसऱ्यात उतरून सायकल ढकलायला लागलो. मागून भाऊजी आले, त्याच चालीनं, तोंडानं बैलांना म्हणतात तसं “हं, चाल, चाल” करत. माझ्याजवळून पुढे गेले. थांबले नाहीत, वळूनही पाहिलं नाही. मी मास्तर, सायकल चालवण्याचा सात वर्षांचा अनुभव, आणि तीन महिन्यांपूर्वी गंजीत घुसणारा माणूस मला मागे टाकून चालला होता. मला राग आला, मग हसू आलं. मी ढकलत ढकलत गेलो.

एका वळणावर भाऊजी उभे दिसले. एक पाय जमिनीवर, हात मागे करून मला थांब म्हणून खुणावत होते. त्यांच्यापुढे पंचवीस-तीस पावलांवर, रस्त्याच्या मधोमध, रानगवा उभा होता. काळाकुळकुळीत, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा, आणि आमच्या गोऱ्ह्याच्या दुप्पट. मी असा प्राणी आयुष्यात पाहिला नव्हता. मोटारी चालत तेव्हा तो दिवसा रस्त्यावर येत नसणार. आता त्यालाही रस्ता मोकळा मिळाला होता.

“घंटी वाजवू का?” मी कुजबुजलो.

“वाजवशीन तं घंटीसंग जाशीन,” भाऊजी म्हणाले. मग त्या गव्याकडे बघून, गोठ्यात बोलतात त्या आवाजात म्हणाले, “राहू दे राजा. आमाले घाई नाई. तुहं होऊ दे.”

त्याचं व्हायला अर्धा तास लागला. तो मधल्या गवताचे घास घेत होता. आम्ही सायकली धरून उभे. पाय हलवायची सोय नव्हती. त्या अर्ध्या तासात मला एकाएकी धीर आला आणि मी अगदी हळू आवाजात विचारलं, “भाऊजी, बोलून टाका ना एकदाचं. बाबांनी तुमाले मले समजवाले धाडलं, माहीत हाय मले.”

भाऊजींनी गव्यावरची नजर काढली नाही. “धाडलं ना. म्याबी हो म्हटलं.”

“मग?”

“मंग काय? कालपासून सांगीन सांगीन म्हनून राहिलो. पन खाली तू पुढे पयत होता, अन् इथी मले दम पुरून नाई राहिला.” मग ते म्हणाले, “तुले पोट्ट्याईले शिकवाले आवडते काय?”

“आवडते.”

“लय आवडते का पगारापुरतं?”

मी विचार केला. खोटं बोलायची ती जागाच नव्हती. “लय आवडते,” मी म्हणालो. “वर्गात गेलो का मले वेळ समजत नाई.”

“झालं तं मंग,” भाऊजी म्हणाले. “त्यानं सोडला पाहा रस्ता. चाल.”

गवा झाडीत शिरला होता. मला एवढंच आठवतं की पुढचे दोन मैल मी उतरलो नाही. दीड वर्ष ज्याला घाबरत होतो ते बोलणं चार वाक्यांत संपलं होतं.

मोथ्याला गवळ्यांची वस्ती लागली. एका गवळणीनं चुलीवर कढई चढवली होती, त्यात खवा आटत होता. तिनं आम्हाला पळसाच्या पानावर गरम खवा दिला आणि मोटार नसताना आम्ही कसे आलो ते विचारलं. भाऊजींनी सायकल दाखवली. तिनं सायकलीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, “याले खायाले काई लागत नाई, हेच बरं.” भाऊजींनी तिला चार संत्री दिली. तिनं त्यांतली दोन तिथेच सोलून आम्हालाच खायला लावली.

दुपार कलता आम्ही चिखलदऱ्याला पोचलो. उन्हाळ्यात तिथे साहेबलोकांची वर्दळ असायची. नाताळात बंगले बंद होते, दारांना कुलपं, वाटांवर पाचोळा. आमच्या शाळेच्या शिपायाच्या ओळखीनं एका बंगल्याच्या माळ्याकडे उतरायची सोय झाली होती. माळी साठीचा, त्याची बायको त्याच वयाची. बंगल्याच्या मागे त्यांची दोन खोल्यांची जागा, आणि भोवती बाग. गुलाब, बटाट्याचे वाफे, आणि लाल फळांनी लगडलेली कॉफीची झाडं. मी कॉफी झाडावर पहिल्यांदा पाहिली.

दुसरा दिवस आम्ही तिथेच राहिलो. सकाळी धुकं एवढं की हातातला लोटा दिसेना. भाऊजी घोंगडी पांघरून पायरीवर बसले होते आणि बागेकडे बघत होते. धुक्यातून म्हाताऱ्या माळणीचा आवाज येत होता. “इकडचं मोकळं करा. एवढं खोल नका मारू खुरपं. त्याले हात नका लावू, त्याले मी पाहीन.” आणि माळी नुसता “बरं, बरं” म्हणत होता.

चहाच्या वेळी, साखर कार्डावर झाल्यापासून गुळाचाच असे तो, भाऊजींनी माळ्याला विचारलं, “बागीचा तुमचा का बाईचा?”

माळी हसला. “तिच्या बापाचा. तो साहेबाचा माळी होता. त्याले पोरगा नाई. मी खालचा, अचलपुराकडचा. लग्न झालं अन् सासऱ्यानं बोलावून घेतलं. मले खुरपं धराचंबी माहीत नव्हतं, तिनं शिकवलं.”

“म्हनजे घरजावई.”

“हो, घरजावई.”

“लोक काय म्हनले?”

“म्हनले ना. वर्षभर म्हनले. मंग त्याईले दुसरं काई भेटलं.” माळ्यानं कप उलटा घातला. “मले तं इथी बरं वाटलं, म्हनून राहिलो.”

माळीण आतून म्हणाली, “कपाले कान हाय, आपटू नका.”

मला ते सगळं गमतीचं वाटलं, आणि मी विसरून गेलो. धुकं उठल्यावर आम्ही गाविलगडाच्या बाजूला कड्यावर गेलो. तिथून दक्षिणेला वऱ्हाडचं सगळं सपाट मैदान पसरलेलं दिसतं. काळी शेतं, मधूनमधून गावांचे झाडांचे ठिपके आणि पूर्णेची वाकडी रेघ. भाऊजींनी कपाळावर हात धरून आपलं गाव शोधायला सुरुवात केली. ते दिसण्यासारखं नव्हतं, पण त्यांनी एक ठिपका ठरवला आणि तो आपलाच म्हणून मला दाखवला. मग तोंडात संत्र्याची फोड तशीच धरून बसले होते. मला वाटलं, थकले असतील.

तिसऱ्या दिवशी आम्ही उतरायला निघालो, आणि तिथे माझ्या लक्षात आलं की चढणं सोपं होतं. त्या वर्षांत ब्रेकची रबरं बाजारात मिळत नव्हती. माझी झिजून नखाएवढी उरलेली. पहिल्या मैलभरातच रबराचा जळका वास यायला लागला, आणि एका वळणावर ब्रेक दाबला तरी सायकल धावतच राहिली. मी पाय टेकवत, चपला घासत, शेवटी सायकल डोंगराच्या बाजूच्या करवंदीच्या जाळीत घातली. काटे भरपूर टोचले. उतरून पाहिलं तर एका चपलेचा अंगठा तुटला होता. दहा पावलांपुढे रस्ता वळत होता, आणि वळणापलीकडे दरी होती.

भाऊजी धावत आले. मला आधी उभं करून हातपाय हलवून बघितले, बैल घेताना बघतात तसे. मग कमरेवर हात ठेवून विचार करत राहिले.

“उतारावर भरली गाडी कशी उतरवतो आपन?” ते म्हणाले. “मांगं लाकूड बांधतो. चाल.”

रस्त्याकडेला सागाच्या वाळक्या फांद्या पडल्या होत्या. त्यांनी दोन फांद्या निवडल्या, पानांसकट, आणि सीटखालचा तो विहिरीचा दोर काढून कोयत्यानं दोन तुकडे केले. एकेक फांदी एकेका सायकलीला मागून बांधली. सायकल पळायला लागली की फांदी रस्त्यावर घासायची, धुरळा उडायचा आणि चाल आपोआप मंदावायची. अशा रीतीनं आम्ही तो सगळा घाट उतरलो. मागे पिवळ्या धुळीचा लोट, आणि खडखडाट असा की वानरांचे कळपच्या कळप झाडावर उभे राहून बघत होते. बांबूच्या दोन गाड्या घेऊन चाललेले डोंगरातले कोरकू गाडीवान आम्हाला बघून एवढे हसले की एकजण गाडीतून खाली उतरून बसला. भाऊजीही हसत होते. त्यांचं ते मोठ्यानं हसणं दरीतून परत यायचं, आणि ते ऐकून ते आणखी हसायचे.

घाटाच्या पायथ्याशी त्यांच्या मागच्या चाकाची ट्यूब गेली. सोल्युशन मिळत नव्हतंच. जवळचा चिकटवायचा शेवटचा तुकडाही दोनदा सुटला. मग आम्ही टायर उघडून त्यात गवत भरलं. मुठी मुठीनं, दाबून दाबून, घोंगडीचा एक पदरही फाडून घातला. ते चाक चालताना पोत्यासारखं धपधप करायचं. तसेच परतवाड्याला गेलो. तिथे एका सायकलवाल्यानं जुनी ट्यूब बसवून दिली आणि आतून निघालेलं गवत आपल्या बकरीला घातलं.

सुट्टी उरली होती, म्हणून अमरावतीला न वळता मी ताईला भेटायला भाऊजींबरोबर त्यांच्या गावी निघालो. पुढचा रस्ता अंजनगावावरून. गावाबाहेर विड्याच्या पानांचे मळे आहेत, वरून झापांनी शाकारलेले. आत गेलं की भर दुपारी गारवा. भाऊजी एका मळ्यात शिरले, आणि मळेकऱ्याशी अर्धा तास पाण्याबद्दल बोलत राहिले. विहीर किती खोल, मोट दिवसातून किती वेळ, उन्हाळ्यात पाणी टिकतं का. बाहेर आल्यावर सायकलीवर बसले नाहीत. हातात धरून चालत राहिले, म्हणून मीही चाललो.

“मास्तर,” ते म्हणाले, “एक विचारतो. राग आला तं सांग.”

“विचारा ना.”

“तुह्या बापाचा बगीचा तुह्या बहिनीनं पाह्यला तं?”

मला नीट कळलं नाही. ते पुढे म्हणाले, “माह्या घरी दोन भाऊ हायेत. शेतीले मानसं कमी नाईत. ती तिथी खाऱ्या पान्यात अकरा वर्सं राह्यली. एक शब्द बोल्ली नाई. पन मले दिसते ना. माहेरून आली का चार दिवस हात हुंगत राहाते. मातीचा वास जाऊ नाई म्हनून हात धूत नाई.” ते रस्त्याकडे बघत बोलत होते. “हे माह्या मनात दोन वर्सांपासून हाय. पन घरजावई म्हनतीन, म्हनून बोललो नाई. अन् तुह्या हक्काचं हाय ते. तुले वाटंन, भाऊजी समजवाले आला अन् बगीचाच घेऊन गेला.”

मी रस्त्यातच थांबलो. मला एकदम मोकळं वाटलं. बाबा, बाग, माझी शाळा, हे सगळं माझ्या डोक्यात गेली दीड वर्षं एका गाठीत बसलं होतं, आणि त्या गाठीत ताईचं नाव मी एकदाही घेतलं नव्हतं. बागेतलं सगळ्यांत जास्त तिला कळत होतं, हे मला माहीत असूनही.

“भाऊजी,” मी म्हणालो, “हे तुमी पह्यल्या दिवशी सांगतलं असतं तर मी घाट नाचत चढलो असतो.”

“म्हनून तं नाई सांगतलं,” ते म्हणाले, आणि सायकलीवर टांग मारली.

अकोटला रात्र काढून दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला त्यांच्या गावी पोचलो. ताई दारात तूर निवडत बसली होती. आमची तोंडं धुळीनं पिवळी, माझा सदरा काट्यांनी फाटलेला, एका पायात चप्पल सुतळीनं बांधलेली. ती आधी हसली, मग रागावली, मग पाणी आणायला उठली. भाऊजी ओट्यावर बसून पाय धूत होते. धुता धुता, वर न बघता, म्हणाले, “तुह्या बापाचा बगीचा तू पाहशीन काय? आपन दोघंबी जाऊ.”

ताई तांब्या धरून उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मी हो म्हणून मान हलवली. मग तिनं विचारलं, “मोट कोन हाकते आता तिथी?”

“बाबाच,” मी म्हणालो.

“या वयात?” ती म्हणाली. “अन् शेवंतीचे वाफे बदलले काय? का तिथीच लावून राह्यले?”

मला सांगता येईना. दर महिन्याला दोनदा तिथे जात होतो आणि मी काही बघितलेलं नव्हतं. ती भराभर विचारत गेली. संत्र्यावर डिंक्या रोग आलाय का, उत्तरेच्या कुंपणाची मेंदी कापली का. पाय धुवून झाले तरी भाऊजी लोट्यातलं पाणी ओतत बसले होते.

बाबांकडे बोलायला भाऊजी एकटेच गेले. काय झालं ते मला आईनं सांगितलं. बाबा म्हणाले, “म्या पोराले आनाले धाडलं होतं.” भाऊजी म्हणाले, “पोराले नाई आनलं. पोरीले आनतो.” बाबा उठून विहिरीकडे गेले आणि अर्ध्या तासानं परत आले. तोवर भाऊजी जागचे हलले नव्हते. बाबांनी विचारलं, “कधी येतीन?”

लोक म्हणायचं ते म्हणाले. भाऊजींच्या थोरल्या भावानं सहा महिने बोलणं टाकलं, मग पहिला कोबीचा गड्डा घरी पोचल्यावर धरलं. ताईनं शेवंतीची जागा बदलली आणि उत्तरेला मोगऱ्याची एक ओळ लावली. बाबा तिच्या मागे मागे फिरून चुका काढायचे, ती ऐकून घ्यायची आणि तिला करायचं तेच करायची. माझ्याशी बाबा पुन्हा बोलायला लागले ते असं, की एका रविवारी जेवताना अचानक त्यांनी विचारलं, “शाळेत पोट्टे आयकतात काय तुहं?” मी म्हणालो, “आयकतात.” ते म्हणाले, “तुही माय तं म्हनते तू घरी बोलतच नव्हता.” आई मला वरण वाढता वाढता थांबली, आणि आम्ही सगळेच हसलो.

लढाई संपेपर्यंत दर नाताळात भाऊजी आणि मी डोंगरात जात राहिलो. त्यांना बागेतून चार दिवस सुटी द्यायला ताई कुरकुरे, पण देई. दुसऱ्या वर्षी आम्ही घटांगवरून सेमाडोहला उतरलो. तो रस्ता आणखी मोकळा. सकाळपासून दुपारपर्यंत एक माणूस भेटलं नाही, फक्त एकदा डाकवाला कोरकू खांद्यावर काठी टाकून समोरून आला, आम्हाला राम राम घातला आणि त्याच चालीनं निघून गेला. सेमाडोहला सिपना नदी निवळ वाहत होती. आम्ही सायकली वाळूत आडव्या टाकल्या, घामानं भिजलेले कपडे काढून झुडपावर वाळत घातले आणि गुडघाभर पाण्यात दगडाला टेकून बसलो. पाणी गार होतं, ऊन पाठीवर छान लागत होतं. भाऊजींनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं मी विचारलं, “निघाचं काय?”

“काहून?” भाऊजी म्हणाले, आणि डोळे न उघडता आणखी जरा खाली, गळ्यापर्यंत पाण्यात सरकले.